सरावाचं साहित्य निवडताना
(नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिकणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला घेतली की मुलं पहिल्या आठवड्यातच विचारतात, "मॅडम, प्रॅक्टिस कुठून करू?" आणि आपण शिकवणारे लगेच एक यादी पुढे करतो. तीन-चार वेबसाइट, दोन पुस्तकं, एखादं यूट्यूब चॅनेल. यादीत चूक काहीच नसतं. पण अकरावीत पहिल्यांदाच पायथन उघडणारा मुलगा, सी शिकून आता जावाकडे वळलेली डिप्लोमाची मुलगी आणि नोकरीत जावा कोळून प्यालेला आणि आता रस्ट शिकू पाहणारा इंजिनिअर या तिघांनाही आपण तीच यादी देतो, इथे घोळ होतो. तिघांच्या अडचणी तीन दिशांच्या आहेत. एकाला लूपच कळत नाही, दुसरीला क्लास आणि ऑब्जेक्ट यांचं नातं कळत नाही, आणि तिसऱ्याला मेमरीची मालकी म्हणजे काय ते कळत नाही. प्रॉब्लेम सगळेच सोडवतील, पण ज्याच्या त्याच्या गाठीला हात लागेलच असं नाही.

ही पुस्तिका जबलपूरच्या गोरखपुरात लिहिली गेली. या वस्तीची ओळख नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. स्टेशन आणि ग्वारीघाट यांच्या दरम्यानचा हा गजबजलेला बाजारभाग. इथलं छोटी लाइन फाटक अजून त्याच नावानं ओळखलं जातं, कारण गोंदियाला जाणारी नॅरोगेज गाडी इथून जायची. आता ती गाडी राहिली नाही, नाव तसंच राहिलं. त्या गाडीनं आणि नागपूरच्या रस्त्यानं कितीतरी मराठी कुटुंबं इकडे आली: रेल्वेत, शाळांत, आयुध निर्माण कारखान्यांत, पुढे हायकोर्टात. त्यांची नातवंडं-पतवंडं आज घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि कीबोर्डवर इंग्रजी अशी वाढताहेत. 1947 सालचं जबलपूर अभियांत्रिकी महाविद्यालय आणि 2005 सालची ट्रिपल आयटी याच शहरात असल्यानं कोडिंग हा शब्द इथल्या घरांना परका नाही. पण कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या मुलांना सरावासाठी योग्य साहित्य निवडून देणारं माणूस मिळणं अजून अवघड आहे. माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणाऱ्या अशा मुलांसाठी मी वेळोवेळी टिपणं काढत गेले, त्यांतून ही पुस्तिका झाली.

माझं म्हणणं थोडक्यात मांडते, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत. सरावाचं साहित्य निवडताना त्यात प्रॉब्लेम किती आहेत, ते किती प्रसिद्ध आहे, शेवटी सर्टिफिकेट मिळतं का, हे सगळं नंतर पाहा. आधी पाहा ते इतकंच: आपण चुकलो की ते काय करतं? आणि चूक दिसत नसेल, म्हणजे उत्तर बरोबर आलं पण ते जुन्याच भाषेच्या सवयीनं लिहिलेलं असेल, तर ते आपल्या लक्षात आणून देतं का?

सुरुवात जवळच्याच उदाहरणानं करते. सी शिकलेल्या भारतातल्या दोन पिढ्यांना नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' माहीत आहे. नव्वदच्या दशकापासून इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत आलं. या पुस्तकाच्या सोप्या भाषेचं कौतुक सगळे करतात, मला त्यातला स्वाध्याय जास्त मोलाचा वाटतो. प्रकरण संपलं की प्रश्नांचे वेगवेगळे गट येतात. एका गटात छोटे प्रोग्रॅम छापलेले असतात आणि त्यांचं आउटपुट काय येईल ते सांगायचं असतं. दुसऱ्यात प्रोग्रॅममधली चूक शोधायची असते, ती असलीच तर. आणि मग स्वतः लिहिण्याचे प्रश्न. त्या "असलीच तर"मध्ये फार मोठी शिकवण आहे. चूक आहेच असं धरून चालणारा मुलगा कुठेही लाल रेघ ओढतो, पण चूक नसण्याचीही शक्यता आहे म्हटल्यावर त्याला प्रत्येक ओळ वाचावी लागते.

लिहिण्याआधी वाचायला लावणं हे किती महत्त्वाचं आहे, ते 2004 साली रेमंड लिस्टर आणि त्यांच्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून पुढे आलं. प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी छोटे कोड दिले, आणि ते चालल्यावर काय होईल ते विचारलं. पुष्कळांना तेवढंही नीट सांगता आलं नाही. म्हणजे प्रोग्रॅम लिहिता येत नाही असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो आधी वाचताच येत नसतो. म्हणून अगदी नवख्यांसाठी मी असंच साहित्य सुचवते ज्यात आउटपुट ओळखायचे प्रश्न भरपूर आहेत. त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, हाही मोठा फायदा. वहीत व्हेरिएबलचे रकाने आखायचे, प्रत्येक ओळीनंतर किंमत बदलली तर खोडून नवी लिहायची. लॅबमध्ये यालाच ड्राय रन म्हणतात. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, तिथली मुलंही हा सराव करू शकतात.

पण अशा प्रश्नसंग्रहांना काळाची एक मर्यादा असते आणि ती आधी ओळखली नाही तर मुलं विनाकारण खचतात. आपल्याकडच्या कितीतरी लॅबमध्ये टर्बो सीची ती निळी खिडकी वर्षानुवर्षं टिकून राहिली. त्या काळातल्या प्रश्नसंग्रहांतला कोड आज लिनक्सवर जीसीसीला दिला, की पहिल्याच ओळीत कोनिओ डॉट एच नावाची फाइल सापडत नाही असं सांगून तो थांबतो. ती फाइल सी भाषेच्या स्टँडर्डचा भाग कधीच नव्हती. स्क्रीन पुसणारं क्लिअरस्क्रीन तिथलंच. याहून फसवी गोष्ट पूर्णांकाची. टर्बो सीमध्ये इंट सोळा बिटांचा असे, त्यामुळे 32767 मध्ये एक मिळवला की आकडा उलटून उणे 32768 होई. जुन्या संग्रहात हेच उत्तर बरोबर म्हणून छापलेलं असतं. आजच्या कॉम्प्युटरवर इंट सहसा बत्तीस बिटांचा, तिथे सरळ 32768 येतं. मुलगी उत्तर ताडून पाहते, जुळत नाही, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं समजून वही मिटते. त्यामुळे पुस्तक कुठल्या सालच्या आवृत्तीचं, कुठल्या कंपायलरसाठीचं, हे पहिल्या पानावर तपासायची सवय लावा. आणि एकाच ओळीत एकाच व्हेरिएबलला दोन-दोनदा प्लस प्लस करून "उत्तर काय?" विचारणारे प्रश्न दिसले, तर ते पान सरळ उलटा. त्यांना सीच्या स्टँडर्डमध्ये उत्तरच नाही, प्रत्येक कंपायलर आपापलं देतो. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या नावाखाली हे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पाठ करवून घेतले गेले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता दुसऱ्या भाषेकडे वळणाऱ्यांबद्दल. मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे ते त्यांच्यासाठीच.

जबलपूरच्या मराठी घरात ज्याचं बालपण गेलं त्याला ही अडचण चटकन समजेल. इथल्या मराठीत शब्द मराठी असतात, पण वाक्याचा सांगाडा पुष्कळदा हिंदी असतो, आणि बोलणाऱ्याला ते कळत नाही, कारण ऐकणाऱ्याला सगळं समजलेलं असतं. सीहून पायथनकडे आलेला विद्यार्थी नेमकं हेच करतो. कॉम्प्युटरला सगळं समजतं, आउटपुट बरोबर येतं, टेस्ट केस हिरव्या होतात. पायथन मात्र तो शिकलेलाच नसतो.

एक प्रश्न जवळून पाहू. कर्निहन आणि रिची यांच्या सीवरच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती 1978 ची, दुसरी 1988 ची. त्यातल्या पहिल्याच प्रकरणात नववा स्वाध्याय आहे: इनपुट जसंच्या तसं आउटपुटला द्या, मात्र सलग आलेल्या अनेक स्पेसच्या जागी एकच स्पेस ठेवा. इतका लहान प्रश्न, पण त्यात एक बीज आहे. आधीचं अक्षर स्पेस होतं की नव्हतं हे प्रोग्रॅमला लक्षात ठेवावं लागतं. सीमध्ये गेटचारनं एकेक अक्षर घ्यायचं, मागचं अक्षर एका व्हेरिएबलमध्ये धरायचं, दोन्ही स्पेस असतील तर छापायचं नाही. सात-आठ ओळी.

आता हाच प्रश्न पायथनमध्ये द्या. सी पक्कं असलेली मुलगी इंडेक्स घेऊन व्हाइल लूप लावते, एक फ्लॅग ठेवते, अक्षरं जोडत जाते आणि बरोबर उत्तर आणते. ज्या संकेतस्थळावर फक्त आउटपुट ताडलं जातं, तिथे तिला लगेच 'अ‍ॅक्सेप्टेड' मिळतं आणि ती पुढच्या प्रश्नाकडे जाते. कुणी पायथन जाणणारा शेजारी असता तर म्हणाला असता, "अगं, स्प्लिट करून जॉइन कर की." एका ओळीत काम. पण गंमत पुढे आहे. कंसात काही न देता स्प्लिट केलं, तर ते फक्त स्पेसवर तुटत नाही. टॅब आणि नवी ओळ यांवरही तुटतं, आणि सुरुवातीची व शेवटची मोकळी जागा पूर्णच टाकून देतं. म्हणजे चार ओळींचा मजकूर जोडून एकाच ओळीत येतो आणि पहिल्या शब्दाआधीची स्पेस नाहीशी होते. मूळ स्वाध्यायात हे मागितलेलं नव्हतं! मग रेग्युलर एक्स्प्रेशनची गरज कळते: एक किंवा अधिक स्पेस जिथे असतील तिथे एक स्पेस घाल, बाकीच्याला हात लावू नकोस. एका जुन्या प्रश्नाची ही तीन उत्तरं शेजारी ठेवली की स्ट्रिंगबद्दल पायथनचा स्वभाव जेवढा कळतो, तेवढा नवे पन्नास प्रश्न सोडवूनही कळेलच असं नाही.

म्हणून माझा सल्ला असा असतो: नव्या भाषेसाठी नवे प्रॉब्लेम शोधत बसू नका. जुन्या भाषेत सोडवलेलेच पाच-सात प्रॉब्लेम घ्या. युक्ती आधीच माहीत असल्यामुळे डोकं भाषेवर राहतं. फक्त त्याबरोबर आरसा हवा, म्हणजे त्या भाषेत मुरलेल्या माणसाचं उत्तर आपल्या उत्तराशेजारी ठेवता आलं पाहिजे. कॅटरिना ओवेन यांनी 2013 मध्ये सुरू केलेलं एक्सरसिझम मला यासाठी आवडतं. ते फुकट आहे, तिथे प्रत्येक भाषेचा स्वतंत्र मार्ग आहे, प्रश्नाबरोबर टेस्ट आधीच मिळतात आणि आपलं उत्तर चाललं की इतरांची उत्तरं बघता येतात, मार्गदर्शकाकडून अभिप्रायही मागता येतो. तिथेही मुलं हिरवी खूण पाहून पळतात. त्यांना मागे ओढून आणावं लागतं, पण दार तरी उघडं आहे.

याउलट प्रोजेक्ट ऑयलर. 2001 पासूनचा हा संग्रह मला फार प्रिय आहे, पण नवी भाषा शिकायला मी तो पहिल्यांदा देत नाही. त्याला उत्तर म्हणून फक्त एक आकडा हवा असतो. पहिलाच प्रश्न बघा: हजारच्या आतल्या, 3 नं किंवा 5 नं भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज. आकडा कागदावर काढा, सीमध्ये काढा, एक्सेलमध्ये काढा, ऑयलरला फरक पडत नाही. तिथे गणित शिकता येतं, आणि उत्तम शिकता येतं. आपल्या मुंबईतून 2009 मध्ये सुरू झालेलं कोडशेफ किंवा नोकरीच्या तयारीसाठी सगळे धावतात ते लीटकोड, यांचाही खरा विषय अल्गोरिदम आहे. वेळ किती लागला, मेमरी किती लागली हे ती सांगतील. तुमचा कोड त्या भाषेत शोभतो का, हे सांगणं त्यांचं काम नाही आणि त्यांनी तसा दावाही केलेला नाही.

रस्टच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसतं. 2015 च्या मे महिन्यात तिची 1.0 आवृत्ती आली. या भाषेचा प्राण मालकीत आहे: एक स्ट्रिंग दुसऱ्या नावाला दिली की पहिल्या नावाचा तिच्यावरचा हक्क संपतो, आणि तरीही ते नाव वापरलं तर कंपायलर प्रोग्रॅम बनवूच देत नाही. पण साध्या पूर्णांकांना हा नियम लागत नाही, त्यांची सरळ नक्कल होते. आता विचार करा, पूर्णांकांच्या अ‍ॅरेवरचे शंभर प्रॉब्लेम कुणी रस्टमध्ये सोडवले, तर मालकीशी त्याची गाठ किती वेळा पडेल? जवळजवळ नाहीच. मग एके दिवशी लिंक्ड लिस्टचा प्रश्न समोर येतो आणि शंभर प्रॉब्लेमचा आत्मविश्वास एका संध्याकाळी मोडतो. त्यापेक्षा रस्टलिंग्ज घ्या. त्यात लहान-लहान फायली मुद्दाम बिघडवून ठेवलेल्या आहेत. त्या दुरुस्त करायच्या, आणि त्यासाठी कंपायलरचा निरोप नीट वाचायचा. गोच्या अधिकृत टूरमधला शेवटचा स्वाध्याय वेब क्रॉलरचा आहे आणि तो एकाच वेळी अनेक कामं चालवल्याशिवाय सुटत नाही, कारण गो ही भाषा करण्यामागच्या मुख्य हेतूंपैकी तो एक होता. कॉटलिन भाषेचे कोआन्स हे छोटे स्वाध्यायही असेच. भाषा घडवणाऱ्यांनी किंवा तिच्यात राहणाऱ्यांनी केलेला स्वाध्याय असेल तर आधी तो. त्यांना आपल्या भाषेतल्या गाठी कुठे आहेत हे पक्कं ठाऊक असतं.

चुकल्यावर काय होतं हे कसं तपासायचं? अगदी सोपं आहे. पहिल्याच दिवशी एक सोपा प्रश्न घ्या आणि मुद्दाम चुकीचं उत्तर सबमिट करा. मग समोर काय येतं ते वाचा. काही ठिकाणी नुसतं 'राँग आन्सर' येतं. काही ठिकाणी कुठल्या इनपुटला तुमचं उत्तर काय आलं आणि काय यायला हवं होतं ते दाखवतात. काही अभ्यासक्रमांत निम्मे टेस्ट केस झाकलेले असतात. झाकलेले टेस्ट केस वाईट असं मी म्हणणार नाही. ते तुम्हाला स्वतःचे इनपुट तयार करायला लावतात: रिकामी यादी, एकच घटक, ऋण आकडा. पण ते पुढच्या टप्प्याचं काम. भाषेचं व्याकरणच अजून बोटांत बसलेलं नसताना चूक व्याकरणात आहे की विचारात, हे कळणं आवश्यक असतं, आणि नुसत्या 'राँग आन्सर'मधून ते कळत नाही.

व्हिडिओंबद्दल लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण आज बहुतेकांचा दिवस तिथेच जातो. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी केलेला प्रयोग मुलांना मी नेहमी सांगते. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. व्हिडिओ पाहून "समजलं, समजलं" वाटतं ते त्या पाच मिनिटांतलं समजणं. म्हणून व्हिडिओ निवडायचा तर थांबवून हात चालवायला लावणारा निवडावा. मुंबई आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प याच रीतीनं चालतो. दहा-दहा मिनिटांचे तुकडे, शेजारी स्वतःची खिडकी उघडी ठेवायची, पाहायचं तसं करायचं, शेवटी एक असाइनमेंट. त्यातले बरेच धडे मराठीत आणि हिंदीतही आहेत. पडदा इंग्रजीच राहतो, आवाज आपला. आमच्याकडच्या काही मुलांना मराठी आवाज जवळचा वाटतो, काहींना शाळेमुळे हिंदी. ज्यात विचार पटकन होतो तो आवाज घ्यावा, आईवडिलांच्या अभिमानाखातर निवडू नये. एनपीटीईएलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथनचा अभ्यासक्रम थोडा वरच्या पायरीचा. दर आठवड्याची असाइनमेंट आणि तिची अंतिम तारीख ज्यांना शिस्तीसाठी हवी असते, त्यांनी तो करावा.

आणि 2022 च्या नोव्हेंबरपासून सगळ्यांच्या खिशात आलेला चॅटजीपीटी. त्याला टाळा असं मी सांगत नाही. एररचा निरोप समजत नसेल तर त्याला विचारा. माझा कोड कुठल्या इनपुटला मोडेल ते विचारा. या भाषेत मुरलेला माणूस हीच ओळ कशी लिहील ते विचारा, पण स्वतःची ओळ लिहून झाल्यावर. प्रश्न टाकून उत्तर उतरवून घेतलं, तर आपण पुन्हा वाचणाऱ्यांच्या गटात जाऊन बसलो. त्यानं दिलेलं उत्तर आधी स्वतः रन करून पाहावं, कारण चुकीची गोष्टही तो त्याच सफाईनं सांगतो.

पैशांविषयी दोनच वाक्यं. वर ज्यांची नावं मी आनंदानं सुचवली, त्यांतली कानेटकरांचं आणि कर्निहन-रिचींचं ही पुस्तकं सोडली तर बाकीचं शिकायला एक रुपया लागत नाही. त्यामुळे महागडा कोर्स घेण्याआधी त्यातला एक स्वाध्याय फुकट पाहू द्या असं निःसंकोच सांगावं, आणि तिथे मुद्दाम चुकून पाहावं.

या पुस्तिकेत पुढे सी, पायथन, जावा, गो आणि रस्ट अशी पाच प्रकरणं आहेत. प्रत्येक प्रकरणात आधी त्या भाषेची गाठ कुठे आहे ते सांगितलं आहे, मग त्या गाठीला हात घालणारे स्वाध्याय कुठे मिळतात ते. जावाचं प्रकरण मुद्दाम छोटं ठेवलं, कारण तिच्यावरचं साहित्य कॉलेजांत मुबलक आहे. रस्टचं लांबलं, ते मात्र राहू दिलं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्पेस कमी करण्याचा तो एकच स्वाध्याय त्या-त्या भाषेत सोडवून ठेवला आहे. तो वाचण्याआधी स्वतः सोडवा. वेगळं उत्तर आलं, आणि माझ्या उत्तरापेक्षा ते त्या भाषेला जास्त शोभणारं असलं, तर जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत ते छापीन.

गोरखपूर, जबलपूर